चंद्राचा फोटो कुणाचा?



आजचं चिंतन : गीता १५.१२. भगवंत अर्जुनाला सांगतात की सूर्यातलं, चंद्रातलं आणि अग्नीतलं तेज माझंच आहे असं समज.

परवाच्या संकष्टीला चंद्र उगवला आणि गच्चीवर हात जोडले जायच्या आधी मोबाइल वर गेले. माझाही गेला. फोटोत आला नुसता पांढरा ठिपका. मोबाइल काळ्या आकाशाच्या हिशोबाने प्रकाश घेतो आणि उन्हात न्हालेला चंद्र जळून जातो. मनात आलं, कॅमेरा दर्शनाच्या आड येतो का?

तेव्हा एक जुना फोटो आठवला. तारीख २६ जानेवारी २००३. कोलंबिया, म्हणजे परत परत वापरता येणारं स्पेस शटल, २८व्या फेरीवर होतं. फोटोत खाली पृथ्वीचा वळलेला काठ, त्यावर वातावरणाची निळसर कड आणि वर अर्धा चंद्र.

गंमत बघा. शटल साधारण २८० किलोमीटर उंचीवर होतं आणि चंद्र सुमारे ३,८४,००० किलोमीटर दूर. एवढा खटाटोप करून वर गेलं तरी चंद्र आपल्या गच्चीवरून दिसतो तेवढाच दिसतो! जवळ जाऊन तो कुणाच्या मालकीचा होत नाही.

त्या उड्डाणाच्या वेळीच इंधनटाकीवरच्या फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. १ फेब्रुवारीला परत येताना यान तुटलं. कल्पना चावलासकट सातही जण गेले. ज्याने तो चंद्र टिपला, त्याला तो घरी नेऊन कुणाला दाखवता आला नाही. पण आपल्याला मिळाला.

चंद्राचं तरी काय वेगळं आहे? उजेड सूर्याचा, तो फक्त पुढे देतो. श्लोक आणखी एक पाऊल मागे नेतो : तो सूर्याचाही नाही. मग फोटोतला उजेड ‘माझा’ कसा?

म्हणजे आड येतो तो कॅमेरा नाही, ‘माझं’ येतं. तुम्ही म्हणाल, आम्हीही फोटो शेअर करतोच की! मीही केला. स्टेटसला टाकला आणि किती जणांनी बघितला ते मोजत बसलो. ते मिरवणं झालं, देणं नाही झालं. खाली आई उपास सोडायची थांबली होती. गुडघ्यांमुळे तिला गच्ची चढवत नाही. तिला तो पांढरा ठिपकाही चालला असता. मला सुचलंच नाही.

पुढच्या संकष्टीला आधी हात जोडायचे. मग एकच फोटो, आणि तो घेऊन सरळ खाली आईकडे.

श्रीकृष्णार्पणमस्तु.