आधी जखम, मग निवाडा



एखाद्याची कृती आपल्या मते योग्य नसेल आणि त्याच कृतीमुळे ती व्यक्ती आज अंथरुणावर असेल, तर तिच्या शुश्रूषेचे आपले कर्तव्य कमी होते काय?

हा प्रश्न मला ग्रंथ वाचताना पडलेला नाही. दोन वर्षांपूर्वी खडवलीत असरच्या नमाजनंतर एक गृहस्थ माझ्यासाठी थांबले होते. दबक्या आवाजात म्हणाले, ‘‘मौलाना, आमच्या घरच्यांनी मुंबईला जाऊन छातीचं ऑपरेशन करून घेतलंय, आकार वाढवण्याचं. हे जायज आहे का?’’ मी उभ्या उभ्याच त्यांना अल्लाहच्या निर्मितीत फेरफार करण्याविषयी सूरह निसामध्ये (4:119) आलेला इशारा समजावून सांगितला. ते मान खाली घालून निघून गेले. त्या भगिनीला तेव्हा ताप होता, एका बाजूला सूज चढली होती आणि लोकलज्जेमुळे ती पुन्हा डॉक्टरांकडे जायला तयार नव्हती, हे मला चार दिवसांनी माझ्या पत्नीकडून कळले. माझ्या उत्तराने तिची लाज दुणावली होती. अल्लाहच्या कृपेने पुढे उपचार झाले आणि ती बरी झाली. त्या दांपत्याच्या अनुमतीनेच, ओळख पटेल असे सर्व वगळून, हे येथे लिहीत आहे. माझे उत्तर ग्रंथाला धरून होते. पण ‘‘त्यांची तब्येत कशी आहे?’’ हा पहिला प्रश्न मी विचारलाच नव्हता.

त्या रात्री मला अबू दाऊदमधील ह. जाबिर (रजि.) यांची हदीस आठवली. प्रवासात एका माणसाच्या डोक्याला दगड लागून जखम झाली. पुढे त्याच्यावर गुस्ल आवश्यक झाले. तयम्मुमची सवलत आहे का, असे त्याने सोबत्यांना विचारले. पाणी उपलब्ध असताना सवलत नाही, असे त्यांनी सांगितले. त्याने स्नान केले आणि त्यातच तो मरण पावला. हे कळताच प्रेषित (सल्ल.) अत्यंत संतप्त झाले. त्या सोबत्यांनीच त्याचा जीव घेतला, असे कठोर शब्द त्यांनी वापरले आणि अज्ञानावरचा उपाय विचारणे हाच असल्याचे सांगितले. सोबत्यांनी पाणी पाहिले होते, जखम पाहिली नव्हती. मीही तेच केले होते.

आता मूळ हुकमाकडे वळू, कारण तो लपवणे हाही प्रामाणिकपणा नव्हे. ह. अरफजा (रजि.) यांचे नाक एका लढाईत कापले गेले होते. त्यांनी बसवलेल्या चांदीच्या नाकाला दुर्गंधी येऊ लागली, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना सोन्याचे नाक बसवून घेण्यास सांगितले. पुरुषाला सोने एरवी वर्ज्य असूनही! यावरून गमावलेले परत मिळवणे आणि व्यंग दूर करणे हा उपचार आहे, असे आलिम मानतात. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीने 2007 साली पुत्रजया येथील अधिवेशनात हाच भेद मांडला : व्यंग किंवा हानी दूर करणारी शस्त्रक्रिया वैध, केवळ हौसेखातर सुदृढ देह बदलणारी अवैध.

पण हा भेद दाराबाहेरून दिसत नाही. आपल्या भागातील कितीतरी भगिनी खडवली स्थानकावरून लोकल धरून परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात जातात. 1941 सालापासून हे रुग्णालय कर्करोगाच्या रुग्णांचा आधार आहे. कर्करोगामुळे स्तन काढावा लागलेल्या स्त्रीला पुढे जे सिलिकॉनचे रोपण बसवले जाते, तसेच रोपण हौसेखातरही बसवले जाते. ओढणीखालची पट्टी कोणत्या कारणाची आहे, हे शेजारणीला कळत नाही आणि कळण्याचे कारणही नाही.

आणि कारण कोणतेही असो, जखम भरण्याचे नियम सारखेच आहेत. साधारण चार ते सहा आठवडे जड वस्तू उचलू नये. पाण्याचा हंडा, कडेवरचे मूल, 14.2 किलो गॅस भरलेला सिलिंडर हे सारे त्यात आले. पाठीवर झोपावे. डॉक्टरांनी दिलेला आधाराचा कपडा सांगितल्याप्रमाणे वापरावा. जखम कोरडी ठेवावी आणि ती पूर्ण भरेपर्यंत भातसा नदीत उतरू नये. ताप, पसरत जाणारी लाली, पू किंवा एकाच बाजूची अचानक वाढलेली सूज दिसली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावेत. श्वास लागत असेल तर एक क्षणही दवडू नये. रोपण आयुष्यभर टिकेलच असे नसते, म्हणून बरे वाटल्यावरही तपासणी चुकवू नये. स्त्री डॉक्टर मिळाल्यास उत्तम. न मिळाल्यास गरजेपुरते पुरुष डॉक्टरांना दाखवण्याची मुभा शरीयतने दिली आहे.

इबादतीतही हीच सवलत आहे. उभे राहणे जमत नसेल तर बसून, तेही जमत नसेल तर पडून नमाज अदा करावी. रुकू आणि सजद्याने टाके ताणले जात असतील तर इशारा पुरेसा आहे. पट्टीवर ओला हात फिरवून मसह करता येतो. पाणी अपायकारक असेल तर तयम्मुम आहे. शाफई आणि हनफी मतांत याच्या तपशिलात थोडा फरक आहे, तो आपल्या आलिमांना विचारून घ्यावा. औषधांच्या वेळा सांभाळण्यासाठी रमजानचे रोजे सुटले तर ते नंतर पूर्ण करावेत.

पतींना विशेष सांगायचे आहे. बद्रच्या वेळी ह. उस्मान (रजि.) यांच्या पत्नी, प्रेषितकन्या ह. रुकय्या (रजि.) आजारी होत्या. प्रेषितांनी (सल्ल.) त्यांना पत्नीच्या शुश्रूषेसाठी मदीनेतच ठेवले आणि बद्रमध्ये सहभागी झालेल्याइतकाच मोबदला व वाटा त्यांचा असल्याचे जाहीर केले. आजारी पत्नीच्या उशाशी बसणे बद्रच्या तोडीचे ठरत असेल, तर महिनाभर हंडा भरण्यात आपला कोणता मान जातो?

यावर कोणी म्हणेल, अशी काळजी घेतली तर चुकीच्या गोष्टीला उत्तेजन मिळेल. मला तसे वाटत नाही. शुश्रूषा म्हणजे संमती नव्हे. देह ही अल्लाहची अमानत आहे, म्हणूनच तर आपण त्यातील अनावश्यक फेरफाराला आक्षेप घेतो. मग तीच अमानत तापाने फणफणत असताना तिच्याकडे पाठ फिरवणे त्या आक्षेपाशी कसे जुळेल? चूक झाली असेल तर तिचा हिशेब ती भगिनी आणि तिचा पालनकर्ता यांच्यात आहे, आणि तौबाचे दार उघडे आहे.

आणि भगिनींनो, वेदना लपवणे म्हणजे सब्र नव्हे. ह. अय्यूब (अलै.) सब्रचे आदर्श होते, तरी त्यांनी आपला त्रास आपल्या रबसमोर बोलून दाखवला. आपणही तो रबसमोर मांडा आणि डॉक्टरांनाही सांगा.

आता कोणी असा प्रश्न घेऊन आले, की मी आधी तब्येतीची चौकशी करतो. हुकूम नंतरही सांगता येतो.

अल्लाह सर्व आजाऱ्यांना पूर्ण शिफा देवो आणि आपल्या जिभेपासून त्यांचे रक्षण करो. आमीन.