शून्याचे निम्मे

परमेश्वराने सहा दिवसांत सगळं जग निर्माण केलं, अशी ख्रिस्ती लोकांची श्रद्धा आहे. मला नुसती बारामती आणि अर्धा इंदापूर तालुका करायला आठ महिने लागले. अर्थात परमेश्वराला प्लायवूड आणण्यासाठी टेम्पो ठरवावा लागला नव्हता. शिवाय काम चालू असताना मागे उभं राहून "अहो, हा पसारा इथंच राहणार का आता?" असं विचारणारंही त्याला कुणी नव्हतं.

हे खूळ डोक्यात शिरलं ते नातवामुळे. पुण्याला कोथरूडात भाऊ जोशी यांनी 1998 साली उघडलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. तिथे आम्ही दोघे गेलो. गाड्या धावताहेत, सिग्नल पडताहेत, स्टेशनात दिवे लागताहेत. नातू म्हणाला, "आजोबा, आपण घरी करू या." जन्मभर साहेबालाही ठामपणे 'नाही' न म्हणू शकलेला माणूस नातवाला काय म्हणणार?

या छंदात पहिली गोष्ट शिकायची ती प्रमाण. जर्मनीतल्या मेर्कलिन कंपनीने 1891 साली खेळण्यातल्या रुळांची मापं ठरवून दिली, तेव्हापासून या लहान जगालाही कायदा आला. आज सर्वांत जास्त चालतं ते माप म्हणजे 'एचओ', खऱ्याच्या सत्त्याऐंशीपट लहान. एचओ म्हणजे 'हाफ झीरो', शून्याचे निम्मे. सरकारी कचेरीत एकतीस वर्षं ड्राफ्ट्समन म्हणून काढल्यावर आपलं माप इतक्या नेमक्या शब्दांत कुणीतरी सांगितलेलं पाहून मला बरंच वाटलं.

जाणकार सांगतात, पहिला डाव छोटा मांडावा. आठ फूट बाय चार फुटांची एक फळी, एक लंबगोल, एक फाटा, बस्स. मीही तेच ठरवलं. लंबगोल म्हणजे दौंड-भिगवणचा मोठा मार्ग आणि फाटा म्हणजे आमची दौंड-बारामती. ही लाइन 1914 साली अडीच फुटी अरुंद रुळांची म्हणून सुरू झाली आणि पुढे रुंद झाली. दौंड ते बारामती चव्वेचाळीस किलोमीटर. सत्त्याऐंशीने भागलं तर होतात पाचशे मीटर, म्हणजे आमच्या हॉलमधून निघालेला रूळ सरळ मंडईत जाऊन पोचणार. माझ्या फळीचा उलटा हिशेब केला तर ती भरली साडेपाच एकर. बारामतीत साडेपाच एकरांना काही कमी समजत नाहीत; पण त्यात दौंड, बारामती, भिगवण, एक साखर कारखाना आणि उजनीचं धरण बसवायचं म्हणजे भाऊबंदकीतल्या वाटणीपेक्षा अवघड.

तरी बसवलं. बारामतीचं स्टेशन जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून कापलं. आत डोकावलं तर तिकीटखिडकीच्या मागच्या भिंतीवर अजून 'आमचे येथे श्रीकृपेकरून' वाचता येतं. उसाची शेतं केरसुणीच्या काड्या हिरव्या रंगवून उभी केली. बाभळी झाल्या वाळलेल्या घोसाळ्याच्या जाळीच्या, आणि रुळांमधली खडी म्हणजे चाळलेली वाळू, पातळ फेविकॉलने बसवलेली. बायकोची पिठाची चाळण या कामी आल्याचं तिला अजून ठाऊक नाही.

बारामतीला गाडी शेवटाला येते, इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला लावावं लागतं. हा त्रास वाचवावा म्हणून मी रुळाला एक छानसा वळसा दिला आणि तो परत त्याच रुळाला जोडला. गाडी गेली, ऐटीत वळली, आणि परत येता येता फट् झालं! शॉर्टसर्किट. अशा गाडीला वीज रुळांतूनच मिळते, एक रूळ धन आणि दुसरा ऋण. वळसा घातला की धन जाऊन ऋणाला भिडतो. मोटार भरून देणाऱ्या एका पोराने हे मला सोप्या शब्दांत समजावलं : "काका, गाडी माघारी फिरली की तिचा डावा हात उजवीकडं होतो." मी वळसा काढून टाकला. सेवानिवृत्त माणसाने माघारी फिरू नये, हेही त्यातून कळलं.

इथवर अडचणी सगळ्या तारेच्या आणि डिंकाच्या होत्या. नीतीचा प्रश्न पहिल्यांदा काढला तो नातवाने. "आजोबा, बोगदा कुठाय?"

मी म्हटलं, "बाळा, दौंडपासून बारामतीपर्यंत बोगदा नाही. डोंगरच नाही."

"पण बोगद्याशिवाय मजा नाही!"

मी त्याला सत्याचं महत्त्व सांगितलं. आपण खोटं करायचं नाही, जसं आहे तसं करायचं, वगैरे. सात वर्षांच्या मुलाला आठ फुटांच्या फळीवर सत्य शिकवताना माझी छाती जरा फुगलीच होती. नेमकी तेव्हाच स्वयंपाकघरातून हाक आली, "मग इंदापूरला स्टेशन कुठंय?"

आता इथे थोडा खुलासा केला पाहिजे. मी बारामतीचा, आणि हिचं माहेर इंदापूरचं. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण 'बारामतीला सगळं, इंदापूरला काही नाही' हा विषय आमच्याकडे चातुर्मासातही वर्ज्य नसतो. आणि रेल्वेच्या बाबतीत तिचं दुखणं खरंच आहे. पुण्याहून निघालेले रूळ 1858 साली डिकसळपर्यंत आले. डिकसळ इंदापूर तालुक्यातलं. खंडाळ्याच्या घाटातून मुंबई-पुणे सलग गाडी सुरू झाली 1863 साली. म्हणजे मुंबईची गाडी घाट चढायच्या पाच वर्षं आधी इंदापूर तालुक्यात इंजिनाची शिटी वाजत होती. 1860 साली गाडी सोलापूरला पोचलीसुद्धा. पण ती गेली तालुक्याच्या कडेने. मालोजीराजांची गढी असलेलं गाव तसंच राहिलं, रुळांवाचून.

"इंदापूरला रेल्वे नाही, म्हणून माझ्या फळीवरही नाही," मी म्हणालो. "जसं आहे तसं."

ती हात पुसत बाहेर आली. "चव्वेचाळीस किलोमीटर आठ फुटांत बसवलेत, ते जसं आहे तसं? आणि परवा त्या पोराला तुम्हीच सांगत होतात ना, की हे रूळ परदेशी रुंदीचे, साडेसोळा मिलिमीटरचे, आपले असते तर एकोणीस भरले असते? म्हणजे मुळात रूळच खोटे. मग इंदापूरच्या वेळीच तुम्हाला खरेपणा आठवला होय?"

मी गप्प. ती पुढे म्हणाली, "खऱ्या जगात आपल्या हातात काही नसतं म्हणून आपण सोसतो. इथं तर सगळं तुमच्या हातात आहे. तरी तुम्ही अन्याय आहे तसाच ठेवणार?"

वाचकहो, हा प्रश्न मोठमोठ्या तत्त्वज्ञांनी परमेश्वराला विचारलेला आहे. त्याच्यापुढे एक सोय आहे : तो उत्तर देत नाही. मला रात्रीचं जेवण त्याच घरात करायचं होतं. मी म्हणालो, "बघू."

हे 'बघू' चालू असतानाच हिचे मामा आले. वय ऐंशीच्या पुढे, डोक्याला पटका, दृष्टी अजून शाबूत. त्यांनी फळीभोवती एक फेरी मारली. भिगवणच्या पाण्यात गुलाबी दोऱ्याचे रोहित पक्षी उभे केले होते ते पाहिले, डिकसळचा पूल पाहिला. धरणामुळे रेल्वेचा मार्ग हलला आणि इंग्रजांच्या वेळचा हा रेल्वेपूल रस्त्याला दिला गेला, हे त्यांनी स्वतः पाहिलेलं. मग ते निळ्या रंगापाशी थांबले.

"पाव्हणं, भिगवण हाय, डिकसळ हाय. आमचं पळसदेव कुठंशीक?"

"मामा, ते पाण्याखाली."

"हां. बराबर हाय."

भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पुरं झालं आणि मागे पाणी पसरलं. पळसदेव उठून हमरस्त्याला आलं. जुन्या गावातलं पळसनाथाचं हेमाडपंती देऊळ तेवढं पाण्यातच राहिलं. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की ते वर येतं आणि लोक होडीत बसून बघायला जातात. हे सगळं मला माहीत होतं. रंगही मीच निवडला होता, चांगला गडद निळा.

मामांनी त्या निळ्यावर बोट टेकवलं. "हितं देऊळ. देवळाच्या उगवतीला आमचं घर, माळवदाचं. दारात लिंब व्हता." मग बोट उचलून म्हणाले, "पाणी वाईट न्हाई, पाव्हणं. ह्याच पाण्यावर माझा ऊस उभा हाय. पर तुमी समदं क्येलंय, म्हून इचारलं."

ते चहा पिऊन गेले. मला मात्र रात्री झोप आली नाही. आठवत राहिली ती माझी कचेरी. नोकरीत तलावांचे नकाशे करणं हे माझं काम. साहेब पेन्सिलीने रेघ मारून देत, आत निळा हात फिरवायचा मी. हात इतका एकसारखा बसे की एकदा माझं कौतुकही झालं होतं. त्या निळ्याखाली काही काळे ठिपके यायचे. त्यांना आम्ही ठिपकेच म्हणायचो. दहा हजारास एक या प्रमाणात घर म्हणजे टाचणीचं टोक, आणि माणूस तर उमटतच नाही. माणूस उमटत नाही तिथे काम फार सुबक होतं. सत्त्याऐंशीस एक या प्रमाणात तोच माणूस दोन सेंटिमीटरचा होतो, त्याला पटका असतो आणि पटक्याला रंग द्यावा लागतो. आणि एकास एक या प्रमाणात तो आपल्या हॉलमध्ये उभा राहून विचारतो, आमचं पळसदेव कुठंय?

धरण नको होतं, असं मी म्हणणार नाही. ते पाणी नसतं तर आमच्या भागाचं काय झालं असतं हे मला कळतं, आणि मामांना तर माझ्यापेक्षा जास्त कळतं. पण मी जे केलं होतं ते धरणही नव्हतं. मी निळा रंग लावला होता. खाली काय आहे हे न बघता. एकदा नोकरीत आणि एकदा निवृत्तीनंतर, कुणी साहेब समोर नसताना.

सकाळी उठून मी निळा रंग खरवडला, थर्माकोलमध्ये खड्डा कोरला आणि जुनं पळसदेव बांधायला घेतलं. पळसनाथाचं देऊळ, चार गल्ल्या, देवळाच्या उगवतीला एक माळवद, दारात घोसाळ्याचा लिंब. बायकोने मामांना फोन करून विचारलं, ओटा कुठल्या हाताला होता. उजव्या. दाराला रंग? "रंग कुठला त्येला, त्येल लावायचो." त्या एका दाराला मला अख्खा दिवस लागला.

मग पाणी. ते आता पारदर्शक रेझीनचं. ते पातळ थरांनी ओतायचं आणि प्रत्येक थर सुकायला एक दिवस द्यायचा. पहिल्या दिवशी पाणी गल्लीत आलं. दुसऱ्या दिवशी उंबऱ्याला लागलं. तिसऱ्या दिवशी मी वाटी हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. हातातलं रेझीन घट्ट होत आलं तेव्हा बायको म्हणाली, "ओता आता. खऱ्यालाही कुणी थांबवलं नव्हतं." मी ओतलं. पाचव्या दिवशी देवळाचं शिखर तेवढं वर उरलं. जरा वाकून, तिरप्या उजेडात पाहिलं तर खाली माळवद दिसतं. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत नाही. आम्हाला माहीत आहे.

तत्त्वज्ञान मला फारसं येत नाही. पण जग लहान करून मांडणाऱ्या सगळ्यांना, मग ते फळीवर मांडोत की फायलीत, माझी एक विनंती आहे. जे बुडवायचं असेल ते जरूर बुडवा, पण आधी एकदा ते आपल्या हाताने बांधून बघा. ओटा कुठल्या हाताला होता, एवढं तरी विचारा. बांधूनही कदाचित बुडवावंच लागेल. पण मग हात तितका एकसारखा बसणार नाही, आणि तो बसूही नये.

मामा दिवाळीला आले. वाकून पाह्यलं, बराच वेळ. म्हणाले, "लिंब जरा मोठा व्हता." मी दुरुस्त करतो म्हणालो. "आता कसा करता? पाण्यात हाय की," असं म्हणून ते हसले.

बोगदा मी अजून केलेला नाही. इंदापूरचं मात्र मिटलेलं नाही. एक दिवस बाहेरून आलो तर फळीच्या कडेला पुठ्ठ्याचा एक फलाट चिकटवलेला, वर पिवळी पाटी, आणि पाटीवर नेलपॉलिशने सुबक अक्षरांत 'इंदापूर'. फलाटावर माझ्याच डब्यातली सात माणसं बोचकी घेऊन उभी. रूळ मात्र तिथून हातभर लांब.

नातू सुटीत आला, त्याने ते पाहिलं. "आजोबा, यांची गाडी केव्हा येणार?"

मी चष्मा पुसायला घेतला. आतून आवाज आला, "विचार, विचार आजोबांना. सगळं त्यांच्याच हातात आहे."