ध्येय कामातून वाढते

ध्येयपूर्ण जीवन म्हणजे तरुणपणीच आयुष्याचा सगळा मार्ग आखून घेणे, असा समज रूढ आहे. त्यामुळे आपले ध्येय अजून सापडलेच नाही, ही खंत अनेकांना पोखरते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या चरित्रात या खंतेला उत्तर मिळते. हाती आलेले एक काम नेटाने निभावता निभावता त्यांना पुढचे काम दिसत गेले.

पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८९३ मध्ये कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी विवाह केला. विधुराने कुमारिकेशी लग्न लावण्याचीच तेव्हा रीत होती. ती मोडल्याबद्दल मुरुड या त्यांच्या गावच्या लोकांनी त्यांना वाळीत टाकले. कर्वे तेवढ्यावर थांबले असते, तरी तत्त्वाला जागल्याचे समाधान त्यांच्या पदरी होतेच. पण एका विवाहाने बाकीच्या विधवांचे जिणे पालटत नाही; त्यांना शिक्षण आणि स्वतःच्या पायावर उभे राहण्याचे बळ हवे, हे त्यांनी ओळखले. म्हणून १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना झाली.

१९०० मध्ये आश्रम पुण्याबाहेर हिंगण्याच्या माळावरील एका झोपडीत गेला. फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवून झाले, की कर्वे आश्रमाला लागणारे सामानसुमान घेऊन चिखल तुडवत पायी हिंगणे गाठत आणि तिथे मुलींना शिकवत. स्वभावाने ते भिडस्त. सभा गाजवणे त्यांचा पिंड नव्हता. तरीही आश्रमासाठी त्यांनी गावोगाव फिरून वर्गणी गोळा केली. संकोचावर मात करायची म्हणून त्यांनी वेगळी साधना केली नाही. आश्रमाची निकड त्यांना लोकांच्या दारी घेऊन गेली. व्यक्तिमत्त्वाचा खरा विकास असा कामाच्या ओघात होतो.

पुढे जपानमधील महिला विद्यापीठाची माहितीपुस्तिका त्यांच्या वाचनात आली आणि १९१६ मध्ये, वयाच्या ५८व्या वर्षी, त्यांनी भारतीय महिला विद्यापीठ सुरू केले. ७८व्या वर्षी ते खेड्यांतील प्राथमिक शिक्षणाच्या कामाला लागले, तर १९४४ मध्ये जातिभेदाविरुद्ध समता संघ उभारला. विधवांपासून सर्व स्त्रियांपर्यंत, तिथून खेड्यांतील मुलांपर्यंत आणि अखेर साऱ्या समाजापर्यंत त्यांच्या आस्थेचा परीघ रुंदावत गेला.

ध्येय शोधणाऱ्याने म्हणूनच जवळचे, खरोखर गरजेचे एखादे काम उचलावे. ते प्रामाणिकपणे केले, की त्याची अपुरी बाजूही दिसू लागते. ती अपुरी बाजू आपली मानून पुढे जाणे, हेच ध्येयाने जगणे.