आधीपासून करणाऱ्याचं काय?

माती राखणाऱ्या शेतकऱ्याला पैसे द्यावेत, हा विचार हवामानबदलाच्या चर्चेहून जुना आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या मैदानी राज्यांतली माती वादळांनी उडवून नेली. १९३६ च्या कायद्यानुसार माती झिजवणारी पिकं कमी करून माती धरून ठेवणारी पिकं घेणाऱ्याला सरकारने रक्कम दिली. त्यामागे शेतमालाचे भाव सावरण्याचा हेतूही होता. पण राखण एकट्याची आणि लाभ सर्वांचा, ही जाण त्यात होती.

२००३ मध्ये शिकागो क्लायमेट एक्स्चेंज या उत्सर्जन-क्रेडिटच्या बाजारात या राखणीला बाजारभाव मिळाला. न नांगरता पेरलं की मातीत कर्ब साठतो, असं धरून एकरी ठरावीक क्रेडिट शेतकऱ्याच्या नावे जमा होई. पूर्वीपासून नांगर न लावणाऱ्यांनाही तिथे दार उघडं होतं. टीका नेमकी तिथेच झाली: जे होतंच आहे, त्याचे पैसे कशाला? त्यातच २००७ मध्ये जॉन बेकर आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं, की तोवरच्या अभ्यासांतले मातीचे बहुतेक नमुने वरच्या ३० सेंटिमीटरमधलेच होते. खोलवर पाहिलं तर नांगरट केलेल्या आणि न केलेल्या रानातला फरक बऱ्याचदा उरत नाही. २००८ मध्ये टनाला सात डॉलरच्या आसपास गेलेला भाव काही सेंटांवर आला आणि २०१० मध्ये हा व्यवहार थांबला.

यातून धडा घेतला गेला तो असा: पैसे फक्त नव्या बदलाला. दुसऱ्याच्या धुराची भरपाई म्हणून क्रेडिट विकायचं असेल, तर हा नियम योग्यच आहे. मात्र त्याची झळ ज्यांनी कुणी न सांगता माती जपली, त्यांना बसली. या नियमाने त्यांच्या हाती काहीच आलं नाही.

२०११ नंतर विचाराने वळण घेतलं. कंपनीने स्वतःच्या धुराड्यापलीकडे, विकत घेतलेल्या कच्च्या मालामागचं उत्सर्जनही मोजावं, अशी आंतरराष्ट्रीय मानकं त्या वर्षी आली. मग पाव बनवणाऱ्याला गव्हाच्या शेतात डोकावावं लागलं. शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या एका पावाचा हिशेब मांडला, तेव्हा त्यामागच्या हरितगृह वायूंपैकी ४३ टक्के एकट्या खताच्या वाट्याला आले. खत बनवताना ऊर्जा जळते. पिकाने न उचललेल्या नत्राचा काही भाग नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो, आणि शंभर वर्षांच्या मापाने तो कर्बवायूच्या २७३ पट तापवतो.

कंपनीने आपल्या पुरवठा साखळीतल्या शेतकऱ्याला खत कमी करण्यासाठी पैसे द्यावेत, हा मार्ग मला अधिक खरा वाटतो. मातीत साठवलेला कर्ब एका खोल नांगरटीने हवेत परत जाऊ शकतो. यंदा न सुटलेला वायू मात्र सुटला नाही, हे कायमचं. पोत्यांच्या पावत्याही तपासता येतात. पण नत्र कमी करताना उतारा घटला तर तोटा शेतकऱ्याच्याच पदरी पडतो. मोबदल्यात त्या जोखमीची किंमत हवी, नुसतं कौतुक नको.

शिवाय साखळीच्या हिशेबात दरवर्षीचं प्रत्यक्ष उत्सर्जन मोजलं जातं. शेतकऱ्याने बदल कधी केला, हा प्रश्न तिथे मुळात नाही. तरीही काही योजनांत क्रेडिटच्या बाजारातली ‘फक्त नव्या बदलाला पैसे’ ही जुनी अट तशीच येते.

असा मोबदला द्यायचा तर माल कोणाच्या शेतातला, हे कळायला हवं. अमेरिकेत अनेकांचं धान्य एकाच कोठारात मिसळतं, मग कोणाचं कुठलं ते ओळखणं अवघड. आपल्या साखर कारखान्याकडे मात्र उसाची नोंद असते, कोणाच्या रानातली गाडी आली ते ठाऊक असतं, बिलही त्याच खात्यावर जातं. पाचट जाळणाऱ्याच्या शेजारीच ते खोडव्यात आच्छादन म्हणून ठेवणारा असतो. पाचट जाळणं थांबवण्यासाठी कारखान्याने टनामागे काही द्यायचं ठरवलं, तर नोंदवहीत यंदा जाळलं की राखलं एवढाच रकाना असावा. कधीपासून राखतोस, हे त्याला विचारायचं कारण मला दिसत नाही.