दर्शन, स्मरण आणि छायाचित्र

तीर्थयात्रेहून परतलेल्या मनुष्यास पूर्वी लोक विचारीत, "दर्शन कसे झाले?" हल्ली डोंगरावरून अथवा परदेशातून परतलेल्या मनुष्यास विचारतात, "फोटो काढलेस ना?" दोन्ही प्रश्नांत जिव्हाळा आहे आणि त्यांपैकी एकासही नावे ठेवण्याचे कारण नाही. परंतु पहिल्या प्रश्नात यात्रेकरूचे काय झाले याची चौकशी आहे, तर दुसऱ्यात त्याने काय आणले याची. हे अंतर लहान दिसले तरी त्यात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. पाहिलेली वस्तू पाहणाऱ्याची होते काय? आणि होत असेल, तर कोणत्या अर्थाने व कोणत्या मर्यादेपर्यंत?

सुरतेत राहणाऱ्या आपणा मराठी कुटुंबांना हा प्रश्न परका नाही. पावसाळा लागला की सवड काढून येथील माणसे डांगच्या रानाकडे निघतात. वघईजवळ अंबिका नदीवरचा गिरा धबधबा, पुढे घाटाची वळणे, आणि अखेर सुमारे १००० मीटर उंचीवरचे सापुतारा. तेथून महाराष्ट्राची हद्द जवळच असल्यामुळे अनेकजण तसेच पुढे वणीच्या सप्तशृंगीच्या दर्शनास जातात. दुसरीकडे, ज्यांची मुले कॅनडात स्थायिक झाली आहेत त्या घरांत रॉकी पर्वतातील बान्फ, लेक लुईस, मोरेन सरोवर यांची चित्रे येतात. निळे पाणी, मागे बर्फाची शिखरे आणि पुढे हसणारी नातवंडे. आजी-आजोबा ती चित्रे शेजाऱ्यांना दाखवितात आणि त्या दाखविण्यात त्यांचा दिवस गोड होतो.

यावर कोणी म्हणेल की इतक्या निर्दोष आनंदात नीतीचा प्रश्न कशाला आणावा? फूल तोडले तर झाडाचे काही उणे होते. डोंगराचे चित्र घेतल्याने डोंगराचे काय उणे झाले? हा पूर्वपक्ष दुबळा नाही, आणि त्याच्या बाजूने आणखीही बोलता येईल. १८७१ साली अमेरिकेतील यलोस्टोन प्रदेशाच्या पाहणीत विल्यम हेन्री जॅक्सन याने छायाचित्रे घेतली. ती तेथील लोकप्रतिनिधींसमोर ठेवण्यात आली, आणि १८७२ साली तो प्रदेश कायद्याने राखीव होण्यास त्यांचे साहाय्य झाले. कॅनडाच्या सर्वेक्षकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस नकाशे करण्यासाठी रॉकी पर्वताची असंख्य छायाचित्रे घेतली. आज अभ्यासक त्याच जागी उभे राहून पुन्हा चित्र घेतात आणि हिमनद्या किती मागे हटल्या हे जगाला दाखवितात. अथाबास्का हिमनदी सव्वाशे वर्षांत दीड किलोमीटरहून अधिक मागे सरली. हे सत्य सांगण्यास जुने चित्र नसते तर आपला विश्वास बसणेही कठीण झाले असते. शिवाय, जे अंथरुणाला खिळले आहेत, ज्यांच्या गुडघ्यांनी गड चढणे सोडले आहे, त्यांना घरबसल्या दर्शन घडविणे हे पुण्यच होय.

तेव्हा दोष यंत्राचा नाही, हे आरंभीच मान्य करू. परंतु "दोष यंत्राचा नाही, भावनेचा आहे" एवढे म्हणून थांबणे ही पळवाट होईल, कारण भावना कोणास दिसत नाही आणि प्रत्येकास स्वतःची भावना शुद्धच वाटते. भावनेची परीक्षा आचरणावरून करावी लागते. त्यासाठी आपल्या परंपरेत एक जुने माप तयार आहे. पतंजलींच्या योगसूत्रांत अहिंसा, सत्य, अस्तेय, ब्रह्मचर्य आणि अपरिग्रह असे पाच यम सांगितले आहेत. त्यांपैकी सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह हे तीन प्रवासातील छायाचित्रास लावून पाहू.

प्रथम सत्य. छायाचित्र खोटे बोलत नाही असे आपण मानतो, आणि ते बहुधा खरेही असते. परंतु आपण काय गाळले हे ते कधीच सांगत नाही. मुलाकडून आलेल्या चित्रात सरोवर असते, रात्रपाळी नसते. सहलीचे दोन दिवस असतात, लांबलचक हिवाळा नसतो. आईवडिलांना वाटते, मुलगा सुखात आहे. मुलालाही वाटते, त्यांना सुखी वाटावे. दोघांच्याही मनात प्रेमच आहे, पण त्या प्रेमाने दोघांमध्ये एक देखणा पडदा उभा केला आहे. पूर्वीच्या पत्रांत ख्यालीखुशालीबरोबर दुखणीखुपणीही लिहीत असत. आज शेकडो चित्रे येतात आणि चार ओळी येत नाहीत. असत्य न बोलताही सत्य झाकले जाऊ शकते, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे.

दुसरे अस्तेय. अस्तेय म्हणजे चोरी न करणे, आणि चोरी वस्तूचीच होते असे नाही. या बाबतीत कॅनडातील बान्फचा इतिहास बोधप्रद आहे. तेथील उष्ण झऱ्यांभोवतीची भूमी १८८५ साली राखीव झाली आणि १८८७ साली तिला कायद्याने उद्यानाचे स्वरूप मिळाले. त्या डोंगरांत पिढ्यान्‌पिढ्या शिकार करून राहणाऱ्या स्टोनी नाकोडा लोकांना उद्यानाच्या नियमांनी हळूहळू बाहेर ठेवले. परंतु त्याच एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून 'बान्फ इंडियन डेज' नावाचा उत्सव तेथे सुरू झाला. त्यासाठी याच लोकांना पारंपरिक पोशाखात बोलावीत, आणि पाहुणे त्यांची छायाचित्रे काढीत. हा उत्सव १९७८ पर्यंत चालू होता. स्टोनी नाकोडा लोक त्यात केवळ नाइलाजाने येत असे मानणे अन्यायाचे होईल. आपल्या भूमीवर परत पाऊल ठेवण्याची, नातलगांना भेटण्याची ती त्यांना एक संधीही होती. तथापि ज्यास रानात येऊ देत नाही त्यास चित्रात मात्र येऊ देतो, ही गोष्ट पाहणाऱ्याच्या मनास टोचली पाहिजे. 'निर्मनुष्य अरण्य' म्हणून जे चित्र जगभर गेले, त्यातील मनुष्य आधी बाजूस सारलेला होता.

हे दूर देशाचे उदाहरण म्हणून सोडून देता येणार नाही. सापुताऱ्यास थंड हवेचे ठिकाण करताना तेथील पठारावर राहणाऱ्या आदिवासी कुटुंबांना तेथून उठवून नवागाम येथे वसविण्यात आले. आज आपण सरोवरात नाव फिरवितो, तेव्हा आपल्या चित्रात ती कुटुंबे नसतात. आहवा येथे दरवर्षी होळीपूर्वी डांग दरबार भरतो आणि डांगच्या पूर्वीच्या राजांच्या वंशजांना सरकारकडून सालिना देण्यात येतो. तेथे जाणारे अनेक प्रवासी नर्तकाचा, वृद्धेचा, पाठीशी मूल बांधलेल्या बाईचा चेहरा न विचारता टिपतात. त्या चेहऱ्याचे नाव त्यांना ठाऊक नसते आणि ते चित्र त्या चेहऱ्यापर्यंत कधी पोहोचतही नाही. आपल्या घरातील लेकीसुनांचे चित्र अनोळखी मनुष्याने असे घेतले तर आपणास चालेल काय? जे आपणास चालणार नाही ते दुसऱ्यास चालते असे मानणे, येथेच चोरीचा आरंभ होतो.

तिसरा अपरिग्रह, आणि हा सर्वांत सूक्ष्म. १८८८ साली निघालेल्या पहिल्या कोडॅक कॅमेऱ्यात शंभर चित्रांची फीत असे. १९०० साली एक डॉलर किमतीचा 'ब्राउनी' आला आणि छायाचित्र सामान्य माणसाच्या हाती पडले. तरीही पुढे कित्येक वर्षे फीत मोजकी आणि महाग असल्यामुळे मनुष्य आधी पाही, मग विचार करी आणि मगच कळ दाबी. आज फोनमध्ये गणतीच उरली नाही. एका धबधब्याची चाळीस चित्रे घेतली जातात, आणि घरी आल्यावर त्यांतील एकही पुन्हा उघडले जात नाही. ज्याचा उपभोगही नाही आणि त्यागही नाही असा हा संग्रह आहे. त्याने डोंगराचे काही जात नाही. जाते ते पाहणाऱ्याचे, कारण "पुढे पाहू" म्हणून त्याने आता पाहण्याचे पुढे ढकलले. आणि कधी कधी डोंगराचेही जाते. मोरेन सरोवराचे चित्र १९६९ च्या मालिकेतील वीस डॉलरच्या नोटेवर छापले गेले होते. पुढे चित्रांनी माणसे ओढली, माणसांनी आणखी चित्रे पसरविली, आणि गर्दी इतकी वाढली की २०२३ पासून तेथे खाजगी मोटारींना बंदी करावी लागली. आपल्याकडेही २०२३ साली केदारनाथ मंदिरात छायाचित्रण व फोनच्या वापरावर बंदी आली.

येथे एक शंका निघते. स्मृती हाही संग्रहच नव्हे काय? पतंजलींनी स्मृतीचे लक्षण सांगताना अनुभवलेला विषय निसटू न देणे असाच आशय सांगितला आहे. मग छायाचित्राने तरी वेगळे काय केले? उत्तर असे की स्मृती आपल्याला बदलून घेऊनच आपल्यात राहते. जे अंतःकरणात उतरले नाही ते तिच्यात टिकत नाही. छायाचित्र मात्र आपण जराही न बदलता टिकू शकते. काकासाहेब कालेलकर साताऱ्यात जन्मलेले मराठी गृहस्थ. ते १९१२ साली हिमालयात गेले, आणि पुढे त्या यात्रेचे वर्णन त्यांनी 'हिमालयनो प्रवास' या गुजराती ग्रंथात केले. गोडसे भटजींनी १८५७ च्या धामधुमीतील आपला प्रवास कित्येक वर्षांनी आठवून लिहिला, आणि तो १९०७ साली छापून प्रसिद्ध झाला. इतक्या काळानंतर लेखणीस जे आठवले, ते त्यांच्या जीवनाचा भाग झाले होते म्हणूनच आठवले.

डांगच्या रानात वाघदेवाचे फलक दिसतात. लाकडावर वा दगडावर वाघ, नाग, चंद्र, सूर्य कोरलेले असतात, आणि वाघबारशीस त्यांची पूजा होते. हेही चित्रच होय. परंतु माझ्या समजुतीप्रमाणे ते वाघाला घरी आणण्यासाठी नाही. रान आपल्या एकट्याचे नाही, याची आठवण राहावी म्हणून ते रानाच्या वाटेवर उभे आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस डांगातून वाघ नाहीसा झाला आणि फलक उरले. केवळ प्रतिमा राहिली की मूळ वस्तू राखली जातेच असे नाही, ही शिकवण त्या फलकांपाशी उभे राहून कोणासही घेता येईल.

दर्शन या शब्दात आपल्या परंपरेने एक मोठी गोष्ट साठविली आहे. देवळात आपण देवास पाहतो एवढेच नव्हे, देवानेही आपणास पाहावे म्हणून जातो. तेथे पाहणारा मालक नसतो, तो हात जोडून उभा असतो. हाच भाव डोंगराकडे नेता आला तर छायाचित्राचा प्रश्न पुष्कळसा सुटेल. मग पाहिलेले आपले होते, पण ठेव या अर्थाने होते, मालमत्ता या अर्थाने नव्हे. ठेव सांभाळावयाची असते, ती ज्याची त्यास स्मरून.

यातून तीन साधे नियम निघतात. आधी डोळ्यांनी पाहावे, मग यंत्र काढावे. मनुष्याचे चित्र त्यास विचारल्यावाचून घेऊ नये, आणि घेतलेच तर त्याचे नाव विचारून ते त्याच्यापर्यंत पोहोचविण्याचा यत्न करावा. आणि दूरच्या मुलांनी चित्र पाठविताना सोबत चार ओळी लिहाव्या. हे स्थळ कोणाचे, तेथे काय जाणवले, आणि घरी परतल्यावर दिवस कसे चालले आहेत. घरच्यांनीही नुसते "छान" म्हणून न थांबता, "तू कसा आहेस?" हे विचारावे. तसे विचारले तर चित्र पडदा न राहता खिडकी होईल, आणि हजारो कोसांवरचा डोंगर सुरतेतील एखाद्या ओसरीवर खऱ्या अर्थाने पाहिला जाईल.