चातुर्मासात महाराज थांबत



2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री 35 फुटांच्या वर गेली आणि गरुडेश्वरकडच्या पाड्यांवर शिधा नेणारी आपली गाडी बडोद्यातच अडकली. "श्रद्धा असेल तर निघू, महाराज नेतील," असं काहींचं म्हणणं. यंदाही तोच सूर ऐकू येतोय, म्हणून लिहितो.

ज्यांच्या भरवशावर निघायचं, ते टेंबेस्वामी महाराज संन्यास घेतल्यावर देशभर पायी फिरले. पण पावसाळा लागला की एके ठिकाणी चातुर्मास! पावसात पायाखाली जीवजंतू चिरडू नयेत म्हणून संन्याशाला हा नियम. त्यांची श्रद्धा काय आपल्याहून कमी होती? किड्यामुंगीसाठी ते थांबत, आणि आपण टेम्पोवाल्या भाईला पुरात घालणार? तो तर आपल्या संप्रदायातलाही नाही, बिचारा रोजावर येतो. स्वतःचा जीव महाराजांवर सोडा हवं तर. त्याचा सोडणारे आपण कोण?

तो शिधा तेव्हा शहरातच, पाणी शिरलेल्या वस्त्यांत वाटला. पाड्यांवर दिवाळीनंतर गेलो. तिथल्या एक आजी उशीर झाला म्हणून चांगल्याच रागावल्या. त्यांचंही खरंच होतं. थांबण्याची किंमत त्यांनीच भरली होती.