चेहरा कोणी झाकावा?

2022 साली शाळेतले मास्क उतरले, तेव्हा आमच्या वर्गातली एक मुलगी मास्क काढायला तयार होईना. आम्ही सर्वांदेखत म्हणालो, "बेटा, काढ आता, कसली भीती?" तिने काढला, आणि दिवसभर मान वर केली नाही. कारण आम्ही विचारले नाही. लपवायचे काही असेल तरच माणूस चेहरा झाकतो, अशी आमची पक्की समजूत होती.

पुढे सहारातल्या तुआरेग लोकांविषयी वाचनात आले आणि ही समजूत डळमळली. नायजर, माली, अल्जीरिया, लिबिया या देशांत पसरलेले हे मुसलमान. पण त्यांच्यात चेहरा झाकतो तो पुरुष! मुलगा वयात आला की त्याच्या डोक्याला आणि तोंडाला 'तागेलमुस्त' नावाचे लांबलचक कापड गुंडाळतात. डोळे तेवढे उघडे. कापडाची नीळ कातडीला लागते, म्हणून त्यांना 'निळे लोक' असेही नाव पडले. बायकांचा चेहरा मात्र सहसा उघडा असतो.

वाळू-धुळीपासून बचाव हे कारण आहेच. पण सासऱ्यासमोर जावई ते कापड नाकावर आणखी वर ओढतो, मित्रांत ते जरा सैल होते. वाळू काही सासऱ्याला पाहून वाढत नाही! चहाचा पेलासुद्धा कापडाखालून ओठांना लावायचा. रॉबर्ट मर्फी या मानववंशशास्त्रज्ञाने 1964 साली याचा अर्थ लावला तो असा, की ज्यांच्याशी रोजचा संबंध टाळता येत नाही त्यांच्याशी अदबीचे अंतर राखायला हा पडदा उपयोगी पडतो. ओळख लपत नाही. चालण्यावरून, बांधणीवरून माणूस कळतोच. मग याला फसवणूक कसे म्हणावे?

अकराव्या शतकात स्पेनपर्यंत पोचलेले यूसुफ बिन ताशफीनचे मुराबितूनही असेच तोंड झाकत. आणि 1352 मध्ये इब्न बतूता वलाता गावी गेला, तेव्हा तिथल्या मसूफा बायका परक्या पुरुषांशी मोकळेपणी बोलतात हे पाहून तो अस्वस्थ झाला. स्वतः काझी होता ना!

आमच्या मोहल्ल्यात हयेचा विषय निघाला की पाच मिनिटांत ओढणीवर येऊन थांबतो. वास्तविक सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे (आयत 30), स्त्रियांना त्यानंतर. वाज ऐकताना आम्हीही हा क्रम सोयीने विसरत आलो.

तुआरेगांची रीत निर्दोष होती असे नाही. तिच्यात खानदानाचा तोरा होता. वडीलधाऱ्यांपुढे उघड्या तोंडाने जाणे तिथे बेअदबी ठरे. एखाद्या तरुणाला कापड नकोच असेल, तर त्याला कोण विचारणार? झाकण्याची सक्ती आम्हाला पटकन दिसते. उघडण्याची सक्ती आम्ही स्वतः केली, ती मात्र दिसली नाही. उलट मुलीला धीर दिला असेच वाटले.

ती मुलगी मागे बाजारात भेटली, आईबरोबर होती. हसून सलाम केला. त्या दिवशी मास्क का काढायचा नव्हता, हे विचारावेसे फार वाटले. विचारले नाही.